जखमींची वर्गवारी आणि परिचारिका : आघात-परिचर्येच्या विकासाचा ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १७९२ ते २०२३)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शस्त्रक्रिया, भूल, जंतुनाशन, रक्तसंक्रमण आणि प्रतिजैविके यांच्या शोधांना मानाचे स्थान मिळाले आहे. हे शोध लावणाऱ्यांची चरित्रे लिहिली गेली, त्यांचे पुतळे उभे राहिले. मात्र या सर्व साधनांचा उपयोग होण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. एकाच वेळी अनेक जखमी दाराशी आले असता प्रथम कोणाकडे पाहावयाचे, हा तो निर्णय होय.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी रणांगणावर जाण्याची गरज नाही. रात्रीच्या वेळी महामार्गावर एस. टी. बस आणि ट्रक यांचा अपघात होतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी आणि दोन परिचारिका कामावर असतात. पंधरा-वीस जखमी आणि त्यांच्यासोबत दुप्पट नातेवाईक एकाच वेळी आत शिरतात. ज्याचा हात मोडला आहे तो मोठ्याने ओरडत असतो, त्यामुळे सर्वांचे लक्ष त्याच्याकडे जाते. परंतु जो ओरडू शकतो त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, एवढे त्या ओरडण्यावरूनच समजते. कोपऱ्यातील बाकावर निपचित पडलेला, घाम फुटलेला, थंड हातापायांचा माणूस मात्र कोणालाच हाक मारीत नाही. त्याच्या पोटात रक्तस्राव होत असेल, तर पुढील काही मिनिटे त्याच्या दृष्टीने निर्णायक असतात. त्या बाकापर्यंत प्रथम पोहोचणारी व्यक्ती बहुतेक वेळा परिचारिका असते. तिने काय पाहिले, त्याचा अर्थ काय लावला आणि तिचे म्हणणे ऐकले गेले काय, यावर त्या माणसाचे आयुष्य अवलंबून राहते.

जखमींच्या वर्गवारीचा प्रचलित इतिहास प्रामुख्याने शल्यविशारदांच्या नावांनी लिहिला गेला आहे. प्रस्तुत निबंधात तोच इतिहास परिचारिकेच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) जखमींच्या वर्गवारीची कल्पना कशी उदयास आली आणि तिचे हेतू कसे बदलत गेले, याचा मागोवा घेणे.
२) या प्रक्रियेत परिचारिकेची भूमिका ‘सेवा’ ते ‘मूल्यमापन’ अशी कशी बदलली, हे स्पष्ट करणे.
३) भारत व महाराष्ट्राच्या संदर्भात परिचारिकेची जबाबदारी आणि तिचा अधिकार यांतील अंतर तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित आत्मकथने, पत्रसंग्रह, वैद्यकीय नियतकालिकांतील लेख, कायदे व न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे. विषय विस्तृत असल्याने युरोप, अमेरिका आणि भारत येथील निवडक टप्पेच विचारात घेतले आहेत.

१. संकल्पना : निवड कशाची आणि कशासाठी?

इंग्रजी वैद्यकात रूढ झालेला ‘ट्रायेज’ हा शब्द मूळ फ्रेंच भाषेतील आहे. वेगळे करणे, निवडणे असा त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ होतो. वैद्यकात येण्यापूर्वी हा शब्द लोकर किंवा कॉफीची प्रतवारी करण्यासाठी वापरला जात असे. मराठीत त्यासाठी ‘वर्गवारी’ हा शब्द सोयीचा आहे. मालाची प्रतवारी करताना उत्तम माल आधी उचलला जातो. जखमींच्या बाबतीत मात्र आधी कोण, या प्रश्नाची किमान तीन उत्तरे संभवतात. ज्याला सर्वाधिक गरज आहे तो, ज्याला वाचवता येणे शक्य आहे तो, किंवा जो बरा होऊन पुन्हा उपयोगी पडेल तो. वर्गवारीच्या इतिहासात या तिन्ही उत्तरांचा परस्परांशी सतत संघर्ष झालेला दिसतो. त्यामुळे वर्गवारी ही तांत्रिक बाब असली तरी तिच्या मुळाशी एक नैतिक निवड असते, ही गोष्ट प्रारंभीच लक्षात घेतली पाहिजे.

२. रणांगणावरील आरंभ : गरजेचे तत्त्व

अठराव्या शतकापर्यंत युरोपातील युद्धांत जखमी सैनिकांना लढाई संपेपर्यंत मैदानावरच पडून राहावे लागे. उपचार मिळालेच तर ते अधिकाऱ्यांना आधी मिळत. फ्रेंच लष्करी शल्यविशारद दोमिनिक ज्याँ लारे (१७६६–१८४२) यांनी या प्रथेला छेद दिला. १७९२ च्या मोहिमेत जखमींची दैना पाहून त्यांनी घोड्यांच्या हलक्या गाड्यांतून जखमींना लढाई चालू असतानाच मागे आणण्याची कल्पना मांडली. १७९७ च्या इटलीतील मोहिमेत या ‘उडत्या’ रुग्णवाहिका पूर्णत्वाने वापरात आल्या. गंभीर जखमींकडे त्यांचा हुद्दा न पाहता प्रथम लक्ष द्यावे, हा नियम लारे यांनी आपल्या आठवणींत स्पष्टपणे नोंदवला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने घोषित केलेली समता रुग्णशय्येपर्यंत पोहोचली, ती अशा प्रकारे.

ब्रिटिश आरमारातील शल्यविशारद जॉन विल्सन यांनी १८४६ मध्ये यात आणखी एक मुद्दा जोडला. ज्यांना तातडीच्या शस्त्रक्रियेने वाचवता येईल त्यांच्यासाठी वेळ हाती राहावा म्हणून किरकोळ जखमी आणि ज्यांचा मृत्यू अटळ दिसतो असे जखमी, या दोन्ही गटांचे उपचार पुढे ढकलावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. येथे ‘गरज’ या तत्त्वाच्या शेजारी ‘उपयोग’ हे तत्त्व येऊन बसले. या दोन्ही शल्यविशारदांच्या मांडणीत परिचारिका कोठेही नाही. ती या इतिहासात प्रवेश करते ती क्रिमियाच्या युद्धात.

३. क्रिमियाचे युद्ध : असाध्य जखमी परिचारिकांच्या हाती

क्रिमियाच्या युद्धात (१८५३–१८५६) दोन्ही बाजूंनी स्त्रिया संघटितपणे परिचर्येसाठी पुढे आल्या. रशियाच्या बाजूने ग्रँड डचेस एलेना पाव्हलोव्हना यांनी १८५४ मध्ये भगिनींचा एक संघ स्थापन केला आणि प्रख्यात शल्यविशारद निकोलाय पिरोगोव्ह (१८१०–१८८१) यांच्या मार्गदर्शनाखाली तो सेवास्तोपोल येथे काम करू लागला. तेथे जखमींच्या लाटा येत आणि गोंधळात किरकोळ जखमींवर उपचार होऊन गंभीर जखमी तसेच राहत. पिरोगोव्ह यांनी आल्याबरोबर जखमींचे गट पाडण्याची पद्धत लावली. तातडीची शस्त्रक्रिया लागणारे, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकणारे, किरकोळ जखमी आणि असाध्य असे हे गट होते. भगिनींनाही त्यांनी मलमपट्टी, औषधे व भांडारव्यवस्था अशी कामे वाटून दिली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. असाध्य ठरवलेले जखमी धर्मगुरू आणि भगिनी यांच्याकडे सोपवले जात. निर्णय शल्यविशारदाचा आणि त्या निर्णयानंतर उरलेल्या माणसाचा सांभाळ परिचारिकेचा, अशी ही विभागणी होती. वर्गवारीच्या व्यवस्थेत परिचारिकेला मिळालेले हे पहिले अधिकृत स्थान म्हणता येईल, आणि ते मृत्यूच्या शेजारी होते.

ब्रिटिश बाजूने फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांच्या कार्याचा परिचय वाचकांना आहेच. येथे त्यांच्या दोन देणग्यांचा विशेष उल्लेख करावयाचा आहे. पहिली देणगी नोंदींची. युद्धानंतर त्यांनी मृत्यूंची कारणे आकडेवारी व आकृत्यांच्या साहाय्याने मांडली आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक मेले, हे शासनासमोर सिद्ध केले. दुसरी देणगी निरीक्षणाची. १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. काय पाहावे, कसे पाहावे आणि जे पाहिले ते नेमकेपणाने कसे सांगावे, हे परिचारिकेच्या शिक्षणाचे मर्म होय, अशी त्यांची भूमिका होती. तथापि निरीक्षणावरून निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी परिचारिकेला दिला नाही. डॉक्टरांच्या आज्ञेचे निष्ठेने पालन ही त्यांच्या व्यवस्थेची चौकट होती. परिचारिकेने पाहावे आणि डॉक्टरांनी ठरवावे, ही रचना येथून पुढे सुमारे शंभर वर्षे टिकली.

४. पहिले महायुद्ध : ‘मरणासन्न’ तंबूतील पुनर्विचार

ही रचना व्यवहारात कशी वाकली, हे पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) पाहावयास मिळते. पश्चिम आघाडीवर ब्रिटिश सैन्यात जखमींची एक साखळी तयार करण्यात आली होती. पलटणीचे मदतकेंद्र, मलमपट्टी केंद्र, त्यामागे ‘कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन’ म्हणजे तंबूंतील शस्त्रक्रिया-रुग्णालय आणि तेथून आगगाडीने तळावरील मोठे रुग्णालय, अशी ती साखळी होती. प्रशिक्षित परिचारिका यांपैकी क्लिअरिंग स्टेशनपर्यंत पुढे गेल्या. तेथे तोफांचा आवाज ऐकू येई आणि कधी कधी गोळेही येऊन पडत. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ब्रँडहूक येथे नेली स्पिंडलर ही परिचारिका अशाच तोफमाऱ्यात मृत्युमुखी पडली.

या केंद्रांत जखमींची विभागणी होई. शस्त्रक्रियेस योग्य असलेले, पुढे पाठवता येणारे, आधी सावरावे लागणारे आणि मरणासन्न असे गट केले जात. शेवटच्या गटासाठी वेगळा तंबू असे. एका क्लिअरिंग स्टेशनच्या मुख्य परिचारिका केट लुअर्ड यांची पत्रे १९३० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १९१७ मध्ये त्यांचे केंद्र ब्रँडहूक येथे होते आणि तेथे पोट, छाती व मांडीच्या हाडाच्या गंभीर जखमांचे सैनिक आणले जात. अशा पत्रांतून व आठवणींतून दिसणारे परिचारिकांचे काम केवळ सांत्वनापुरते नव्हते. गारठलेल्या जखमीला ऊब देणे, द्रव देणे, नाडी पुन्हापुन्हा पाहणे आणि तो सावरतो आहे असे वाटताच शल्यविशारदाला बोलावणे, हे काम त्या करीत होत्या. क्रिस्टीन हॅलेट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या महायुद्धातील परिचर्येवरील ग्रंथात या कामाचे सविस्तर विवेचन केले आहे. जखमेबरोबरच जखमीचे कोसळणे थोपवणे हे परिचारिकांच्या कार्याचे सूत्र होते, असे त्यांच्या मांडणीवरून दिसते.

१९१७ पासून साठवलेले रक्त देण्याचे प्रयोगही याच केंद्रांत सुरू झाले. मांडीच्या हाडासाठी थॉमस स्प्लिंटचा वापर वाढला, तसे वाटेतच शॉकने दगावणाऱ्यांचे प्रमाण घटले. या उपायांमुळे ‘असाध्य’ या शब्दाचा अर्थच बदलू लागला. सकाळी असाध्य ठरलेला सैनिक सायंकाळी शस्त्रक्रियेच्या मेजावर जाऊ शकत होता. मात्र त्यासाठी दिवसभर कोणीतरी त्याच्याकडे पाहत असणे आवश्यक होते. एकदा केलेली वर्गवारी अंतिम नसते, ती पुन्हापुन्हा करावी लागते, हा आजच्या आघात-परिचर्येतील मूलभूत नियम आहे. त्याचा व्यवहारातील उगम अशा तंबूंत आढळतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

५. रणांगणापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत

दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम येथील युद्धांत रक्तपुरवठा, फिरती शस्त्रक्रिया-रुग्णालये आणि हेलिकॉप्टर यांमुळे जखमी अधिक लवकर उपचारांपर्यंत पोहोचू लागला. शांततेच्या काळातील नागरिकाला मात्र ही सोय नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या १९६६ च्या अहवालाने हा विरोधाभास उघड केला. १९६५ या एका वर्षात तेथे अपघाती इजांनी १ लाख ७ हजार व्यक्ती मृत्युमुखी पडल्या होत्या आणि तरीही हा प्रश्न उपेक्षित होता. बॉल्टिमोर येथे डॉ. आर. अ‍ॅडम्स काउली यांनी १९६० च्या सुमारास दोन खाटांवर शॉकचा अभ्यास सुरू केला आणि पुढे ‘गोल्डन अवर’ ही संज्ञा लोकप्रिय केली. २००१ मधील एका चिकित्सक आढाव्यात नेमक्या साठ मिनिटांच्या मर्यादेला भक्कम पुरावा आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. विलंब घातक असतो, एवढे तत्त्व मात्र निर्विवाद आहे.

याच दशकात अमेरिकेतील शहरी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत गर्दी वाढली. किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत गंभीर रुग्ण अडकू लागले. नागरी रुग्णालयातील वर्गवारीचे पहिले वर्णन म्हणून सामान्यतः वाइनरमन व सहकाऱ्यांच्या १९६६ मधील लेखाचा निर्देश केला जातो. त्यानंतरच्या काळात दाराशी बसून हे काम करण्याची जबाबदारी हळूहळू अनुभवी परिचारिकेकडे आली. ज्या निर्णयात तिला क्रिमियात वाटा नव्हता, तो निर्णय आता तिच्या हाती आला. या संक्रमणामागे तीन गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट संघटनेची. अनिता डॉर आणि ज्युडिथ केलेहर यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये अमेरिकेत तातडीच्या विभागातील परिचारिकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. डॉर यांनी त्यापूर्वीच तातडीच्या उपचारांची सर्व साधने एकत्र ठेवणारी चाकांची गाडी तयार केली होती. आज प्रत्येक अपघात विभागात दिसणाऱ्या ‘क्रॅश कार्ट’च्या पूर्वजांपैकी ती एक होय.

दुसरी गोष्ट समान भाषेची. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टिसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धीची पातळी मोजण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन प्रतिसादांना गुण देऊन आज ३ ते १५ अशी बेरीज केली जाते. ‘गुंगीत आहे’, ‘अर्धवट शुद्धीत आहे’ अशा सैल शब्दांऐवजी परिचारिका आणि डॉक्टर दोघांनाही सारख्याच रीतीने वापरता येईल असे माप यामुळे मिळाले. रात्री दहाला १४ असलेली बेरीज अकराला ११ झाली, असे परिचारिकेने सांगितले तर त्या विधानाकडे दुर्लक्ष करणे कठीण होते. तिच्या निरीक्षणाला आकड्याचे बळ मिळाले.

तिसरी गोष्ट लिखित नियमांची. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे लहान विमान नेब्रास्का येथे शेतात कोसळले. त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला आणि मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मिळालेल्या उपचारांनी अस्वस्थ होऊन त्यांनी सहकाऱ्यांसह गंभीर जखमींच्या उपचारांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम तयार केला. १९७८ मध्ये त्याचा पहिला वर्ग झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. परिचारिकांच्या संघटनेने १९८६ मध्ये आघात-परिचर्येचा स्वतःचा अभ्यासक्रम सुरू केला. सामूहिक दुर्घटनेसाठी कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये ‘स्टार्ट’ ही सोपी पद्धत तयार झाली. तीत श्वासाची गती मिनिटाला ३० पेक्षा अधिक आहे काय, नखावर दाब दिल्यावर रंग २ सेकंदांत परत येतो काय आणि साधी सूचना पाळली जाते काय, एवढेच पाहिले जाते. इंग्लंडमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेल्या मँचेस्टर पद्धतीत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा असे पाच वर्ग असून प्रत्येकासाठी तत्काळ ते २४० मिनिटे अशी प्रतीक्षेची कमाल मर्यादा ठरवलेली आहे.

६. आजची मूल्यमापनपद्धती आणि तीमागील तर्क

आज गंभीर जखमीची प्राथमिक तपासणी ठरावीक क्रमाने होते. प्रथम मानेचा कणा स्थिर ठेवून श्वासमार्ग, मग श्वसन, नंतर रक्ताभिसरण व रक्तस्राव, त्यानंतर मेंदूची स्थिती आणि शेवटी कपडे काढून संपूर्ण शरीराची पाहणी, तीही शरीर गार पडू न देता. या क्रमामागील तर्क साधा आहे. जी बाब सर्वांत लवकर जीव घेते ती सर्वांत आधी पाहावयाची आणि दोष सापडताच तो दूर करून मगच पुढे जावयाचे. मोडलेला हात दिसतो, परंतु तो क्रमाने शेवटी येतो. प्राण स्थिर झाल्यावर डोक्यापासून पायापर्यंतची दुय्यम तपासणी आणि पूर्वेतिहास घेतला जातो. कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वीचे आजार कोणते, शेवटचे खाणे केव्हा झाले आणि अपघात कसा घडला, हे विचारले जाते.

हा क्रमही अपरिवर्तनीय नाही. इराक व अफगाणिस्तानातील अनुभवावरून २००६ मध्ये ब्रिटिश लष्करी वैद्यकाने प्राणघातक बाह्य रक्तस्राव थांबवणे श्वासमार्गाच्याही आधी ठेवले. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ या अभ्यासात भारतीय रुग्णालयेही सहभागी होती. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या स्वस्त औषधाने रक्तस्राव होणाऱ्या जखमींचे मृत्यू कमी होतात, असे त्यात आढळले. पुढील विश्लेषणात मात्र हे औषध इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले तरच लाभदायक ठरते, उशिरा दिल्यास अपायही संभवतो, असे दिसले. याचा अर्थ असा की, ‘अपघात किती वाजता झाला?’ हा परिचारिकेने दाराशी विचारलेला आणि कागदावर नोंदवलेला प्रश्न औषध द्यावे की न द्यावे हे ठरवतो. नाइटिंगेल यांच्या नोंदवहीचे महत्त्व दीडशे वर्षांनंतर असे नव्याने सिद्ध झाले.

७. भारत आणि महाराष्ट्र : जबाबदारी आणि अधिकार

भारतातील संघटित लष्करी परिचर्येचा आरंभ मुंबई बंदरात झाला. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका येथे उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांतील परिचर्येची घडी बसवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवेला कायम स्वरूप मिळाले आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्या सदस्यांना अधिकाऱ्याचा दर्जा प्राप्त झाला. नागरी क्षेत्रात पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणे हेच त्या काळी धाडसाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याचे मोल कळते. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन होऊन शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा ठेवण्याची व्यवस्था झाली.

अपघातग्रस्ताच्या हक्काच्या दृष्टीने १९८९ चा परमानंद कटारा खटला महत्त्वाचा ठरला. पोलिसांच्या कागदपत्रांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावले. ‘आधी एमएलसी, मग उपचार’ या प्रवृत्तीला त्यामुळे कायदेशीर आधार राहिला नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मदतीस धावणाऱ्या नागरिकाला संरक्षण मिळाले आणि ‘गोल्डन अवर’ची व्याख्याही कायद्यात आली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आघात केंद्र २००६-०७ च्या सुमारास सुरू झाले. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेमुळे ग्रामीण भागातील जखमीही अधिक लवकर रुग्णालयात येऊ लागला.

या सर्व उपाययोजनांत जखमी, डॉक्टर, वाहक आणि वाटसरू यांचा विचार झालेला दिसतो. दाराशी वर्गवारी करणाऱ्या परिचारिकेच्या निर्णयाधिकाराचा विचार मात्र त्या प्रमाणात झालेला नाही. प्रत्यक्षात संकटकाळी ती तो अधिकार वापरतेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतील कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या विभागातील २० गर्भवती स्त्रियांना एका लहान खोलीत हलवून सुरक्षित ठेवले, जखमी सहकारी परिचारिकेला अपघात विभागात पोहोचवले आणि त्यांपैकी एकीला प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर जिन्याने प्रसूतिकक्षात नेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हा अनुभव सांगितला. या घटनेकडे सामान्यतः शौर्यकथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. कोणाला हलवावयाचे, कोणाला थांबवावयाचे आणि कोणासाठी धोका पत्करावयाचा, हे निर्णय एका परिचारिकेने गोळीबाराच्या आवाजात, कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता घेतले. लारे यांनी जे रणांगणावर केले त्याच जातीचे हे काम होते. धैर्याबरोबरच प्रशिक्षित बुद्धीचाही गौरव झाला पाहिजे, असे म्हणावेसे वाटते ते यासाठी.

अलीकडे या दिशेने काही पावले पडली आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने तातडीची व आपत्तीकालीन परिचर्या या विषयाची पदविका, तसेच २०१६ च्या सुमारास अतिदक्षता क्षेत्रातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. शिक्षण वाढते आहे. त्या शिक्षणाला साजेसे पद, साजेशी जबाबदारी आणि चूक झाल्यास साजेसे संरक्षण मिळणे, हा पुढील टप्पा आहे.

८. चर्चा

परिचारिकेकडे वर्गवारी सोपवण्यावर काही आक्षेप घेतले जातात. तिचे निदान चुकेल, हा पहिला आक्षेप. परंतु वर्गवारी म्हणजे निदान नव्हे. रोग कोणता हे तिला ठरवावयाचे नसून धोका किती आणि वेळ किती उरला आहे, हे तिला ओळखावयाचे असते. दुसरा आक्षेप असा की, लिखित कोष्टकामुळे विवेक नाहीसा होईल. या आक्षेपात तथ्य आहे. कोष्टक तरुण व सुदृढ जखमीला फसते, कारण पुष्कळ रक्त जाईपर्यंत त्याचा रक्तदाब टिकून राहू शकतो. वृद्धाच्या औषधांमुळे नाडी वाढतच नाही, तेथेही ते फसते. अशा वेळी अनुभवी परिचारिकेची ‘हा मला बरा दिसत नाही’ ही जाणीव मोलाची ठरते. नियम नवख्याला आधार देतो आणि अनुभव नियमाच्या मर्यादा दाखवतो. दोहोंची गरज असते. तिसरी अडचण सामाजिक आहे. आपल्याकडे नातेवाइकांची गर्दी, स्थानिक वजनदार व्यक्तींचा आग्रह आणि ‘आमच्या माणसाला आधी’ हा दबाव दाराशी उभ्या असलेल्या परिचारिकेवरच प्रथम येतो. लारे यांनी हुद्द्याविरुद्ध मांडलेले तत्त्व आज तिला एकटीने, तेही पुरेशा अधिकाराशिवाय, सांभाळावे लागते.

निष्कर्ष :

१) जखमींची वर्गवारी हुद्द्याकडून गरजेकडे वळली ही तिची पहिली क्रांती होय. मात्र ‘गरज’ आणि ‘उपयोग’ या तत्त्वांतील संघर्ष अद्याप संपलेला नाही.
२) क्रिमियात असाध्य जखमींचा सांभाळ करणारी परिचारिका पहिल्या महायुद्धात त्या असाध्यतेचा पुनर्विचार घडवून आणू लागली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयाच्या दाराशी पहिला निर्णय घेऊ लागली.
३) संघटना, समान मोजमाप आणि लिखित नियम या तीन गोष्टींनी तिच्या निरीक्षणाला अधिकाराचे रूप दिले. यांपैकी एकही नसेल तर तिचे ज्ञान वैयक्तिक कौशल्यापुरते मर्यादित राहते.
४) भारतात तिची जबाबदारी प्रत्यक्षात मोठी असून तिचा निर्णयाधिकार त्या मानाने अस्पष्ट आहे. प्रत्येक अपघात विभागात वर्गवारीसाठी प्रशिक्षित परिचारिकेची लेखी नेमणूक व तिच्या नोंदींना मान्यता मिळणे आवश्यक आहे.
५) इतिहासाच्या अभ्यासक्रमात युद्धांची कारणे व परिणाम शिकवले जातात. त्या युद्धांत जखमी झालेल्यांचे काय झाले, हेही शिकवले जावे. महाविद्यालयांतील इतिहास विभाग आणि परिचर्या महाविद्यालये यांनी एकत्र येऊन जिल्ह्यातील निवृत्त परिचारिकांच्या आठवणी नोंदवून ठेवल्यास भूकंप, रेल्वे व रस्ते अपघात यांतील त्यांच्या कामाचा इतिहास उपलब्ध होईल. हे काम लवकर हाती घेणे इष्ट आहे, कारण त्या आठवणी सांगणाऱ्या पिढीचे वय उतरणीला लागले आहे.